उजव्या चाकाचे ब्रेक

सिस्टर गेल्या तेव्हा शरणपूरच्या चर्चमध्ये प्रार्थना झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर पुढं या." बरेच जण गेले. कुणी त्यांच्या शिस्तीबद्दल बोललं, कुणी रुग्णसेवेबद्दल. सिस्टर किती शांत स्वभावाच्या होत्या असं एका बाईंनी सांगितलं, तेव्हा मला बाकावर बसल्या बसल्या हसू आवरेना. सांगण्यासारखं माझ्याकडं त्या सगळ्यांपेक्षा जास्त होतं. मी उठलो नाही. गीतांच्या पुस्तकाची पानं चाळत राहिलो आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो.

मी असाच. लहानपणी घरात मला कुलूप म्हणायचे. पण त्या दिवशीचं न बोलणं आतल्या आत टोचत राहिलं. जखमेत काही राहिलं की पू होतो, ते काढावंच लागतं, असं सिस्टर म्हणायच्या. त्या ड्रेसिंगबद्दल म्हणायच्या. मी आता पन्नाशी ओलांडल्यावर ते स्वतःला लावून घेतो आहे.

सिस्टर माझ्या घरमालकीण. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून सगळी नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं आणि मला नाशिकच्या कोर्टात नोकरी मिळाली होती. त्यांची मागची खोली बघायला गेलो, तर भाडं सांगण्याआधी त्यांनी मला दोन्ही हात पुढं करायला लावले. नखं बघितली. मग तळवे पालथे करून बघितले.

"काय काम करता?"

"कोर्टात. नक्कल विभागात."

"म्हणजे नेमकं काय?"

"कागदाची नक्कल काढायची. मूळ बरहुकूम."

"त्यात स्वतःचं काही घालता का?"

"नाही. मूळ कागदात चूक असली तर तीसुद्धा तशीच ठेवतो."

"उत्तम," सिस्टर म्हणाल्या. "रविवारी मोकळे असता?"

त्या दिवसापासून त्या मला 'नक्कलवाले' म्हणू लागल्या. रविवारचं का विचारलं ते पुढच्या रविवारी कळलं.

अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची गाडी होती. अमेरिकन, लांबलचक, फिक्या हिरव्या रंगाची. दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरीणबाई मायदेशी परतताना ती सिस्टरांना देऊन गेल्या होत्या. आमच्या गल्लीत ती वळवायची म्हणजे भाजीवाल्याला हातगाडी उचलावी लागायची. आणि तिचं स्टिअरिंग डावीकडं होतं. म्हणजे पुढं ट्रक असला की समोरून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसायचंच नाही. ते दिसायचं उजवीकडं बसलेल्याला. मला नेमकं तिथं बसायला लावलं होतं.

"बोला," सिस्टर म्हणायच्या. मी मान बाहेर काढून 'मोकळं' किंवा 'थांबा' म्हणायचं. दिवसभरात चार वाक्यं न बोलणाऱ्या माणसाला त्यांनी हे काम दिलं होतं.

रविवारी चर्चनंतर आम्ही वणीला जायचो. थिएटरमध्ये सिस्टरांच्या हाताखाली आयुष्यभर काम केलेल्या आयाबाई तिथं मुलाकडं राहत होत्या. दवाखान्यात आयांना मावशी म्हणतात, तसं मीही त्यांना मावशीच म्हणायचो. सिस्टर पाव आणि केक न्यायच्या. मावशी मेथीची जुडी, घेवडा असं काहीबाही बांधून द्यायच्या आणि मग मागच्या सीटवर बसून गावातून एक चक्कर मारायच्या. शेजारणींना हात दाखवायच्या. ती चक्कर झाल्याशिवाय चहा मिळायचा नाही.

सिस्टरांच्या घरात प्रत्येक गोष्टीवर चिकटपट्टीची चिठ्ठी असायची. साखर. मीठ. 'उंदराचं औषध, साखर नव्हे.' माझ्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूनं 'पंखा बंद केला का' अशी पट्टी होती. मला खोकला झाला की न विचारता दार उघडून थर्मामीटर तोंडात घालायच्या, आणि तो तोंडात असताना प्रश्न विचारायच्या. उत्तर आलं नाही की म्हणायच्या, "तुमचं एरवीही असंच असतं."

गाडीलाही त्या पेशंटसारखंच वागवायच्या. रोज संध्याकाळी इंजिनाखाली दवाखान्यातला तो कमानदार, मूत्रपिंडाच्या आकाराचा ट्रे सरकवून ठेवायच्या. सकाळी त्यात किती तेल गळलंय ते वाकून बघायच्या. थोडं असलं तर "रात्र बरी गेली." जास्त असलं तर दिवसभर कुणाशी धड बोलायच्या नाहीत.

इंजिनाचं काम मुंबई नाक्यावरचा मेकॅनिक करायचा. ब्रेकला मात्र त्या त्याला हात लावू द्यायच्या नाहीत.

"सिस्टर, माझ्यावर भरवसा नाही का?" तो चिडवायचा.

"आहे की. पण गाडी मी चालवते. थांबायचं काम दुसऱ्यावर सोपवत नाही मी."

ब्रेक खोलायचे ते थिएटरच्या पद्धतीनं. जमिनीवर धुतलेली चादर. तिच्यावर एनॅमलचे पांढरे ट्रे. ताणाच्या स्प्रिंगा ओढायला खास हत्यार मिळतं, पण सिस्टर त्यासाठी रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा वापरायच्या, तो फोर्सेप. निवृत्तीच्या निरोप समारंभात भेट काय हवी असं विचारल्यावर त्यांनी तोच मागून घेतला होता. सुटा केलेला प्रत्येक भाग ट्रेमध्ये ठेवताना त्या मोठ्यानं मोजायच्या. जोडून झालं की पुन्हा मोजायच्या. ट्रे रिकामा आणि आकडा जुळलेला, तेव्हाच ड्रम, म्हणजे ब्रेकवरचं गोल लोखंडी झाकण, चढायचा.

या मोजणीवरून त्यांनी एकदा भर ऑपरेशनमध्ये गोंधळ घातला होता. तो किस्सा त्या स्वतःच सांगायच्या. पोट शिवायची वेळ आली आणि त्यांच्या मोजणीत एक फोर्सेप कमी भरला. डॉक्टर म्हणाले, सगळं काढलंय, मी स्वतः बघितलंय, शिवायचा दोरा द्या. सिस्टरांनी दोरा दिला नाही. डॉक्टर ओरडले. भूल देणारा ओरडला. सिस्टर तशाच उभ्या. शेवटी डॉक्टरांनी पुन्हा सगळं पोट चाचपलं. काही नाही. तेवढ्यात मावशी खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "सिस्टरबाई, जरा पाय उचला." फोर्सेप सिस्टरांच्या चपलेखाली होता.

"मग?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"मग काय! डॉक्टर आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी."

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं ना. पण दोरा मी पुन्हाही दिला नसता."

मोजणीखेरीज त्यांचा आणखी एक नियम होता. दोन्ही मागची चाकं एकदम खोलायची नाहीत. एक खोलायचं, जोडायचं, मगच दुसरं, म्हणजे कुठला भाग कुठं होता ते डोळ्यांसमोर राहतं. एवढी वर्षं हा नियम त्यांनी पाळला होता. मोडला तो एकदाच, त्यांच्या भाच्यामुळं.

भाचा पुण्याला असायचा. वाईट माणूस नव्हता. आत्या सत्तरी ओलांडलेली, बोटं संधिवातानं वाकडी होत चाललेली, आणि एवढी मोठी गाडी घेऊन वणीच्या रस्त्याला जाते, याची त्याला खरोखरच धास्ती होती. गाडीचं पासिंग पुन्हा करून घ्यायची मुदत आली, तशी त्यानं बैठकच बोलावली.

"आत्या, पुण्यात एक मंगल कार्यालयवाला आहे. लॉनवर ठेवायला जुनी गाडी शोधतोय. नवरा-नवरी तिच्यात बसून फोटो काढतील."

"गाडी उभी ठेवून?"

"मग काय, फुलं वगैरे लावून..."

"मेल्यावर लाव फुलं," सिस्टर म्हणाल्या.

शेवटी ठरलं ते असं. सोमवारी पेठ रोडच्या आरटीओत गाडी न्यायची. भाचा सोबत येईल. गाडी पास झाली तर तो विकायचा विषय पुन्हा काढणार नाही. ब्रेकच्या चाचणीत अडकली तर त्याच दिवशी पुण्याच्या माणसाला होकार कळवायचा. सिस्टरांनी त्याच्या हातावर हात मारला. भाचा गेल्यावर बराच वेळ त्या शेडमध्ये जाऊन बसल्या. तिथं काय करत होत्या ते मी बघायला गेलो नाही.

मागच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, झिजले होते. ते बदलायला वेळ कमी होता, म्हणून त्या पट्ट्या ज्यांच्यावर बसतात ते दोन्ही चाकांचे शू एकदमच काढून मुंबई नाक्याला पाठवले. शनिवारी ते नवे लायनर लावून परत आले, तेव्हा दोन्ही चाकं उघडी आणि ट्रे भरलेले.

डावं चाक सिस्टरांनी केलं. स्प्रिंग ओढताना त्यांची वाकडी बोटं नीट मिटत नव्हती. चिमटा निसटायचा, त्या पुन्हा धरायच्या. डावं पूर्ण झालं तेव्हा त्यांनी हात पदराला पुसले आणि फोर्सेप माझ्यापुढं धरला. फोर्सेपची मागची बाजू माझ्याकडं करून, थिएटरमध्ये देतात तसा.

"उजवं तुम्ही करा."

"मी?"

"एवढी वर्षं बघताय. डाव्याकडं बघायचं आणि तसंच करायचं. तुमचं तर कामच ते."

पुढं लग्नात मिळालेल्या घड्याळानंही मला एवढं भारी वाटलं नाही.

ब्रेकच्या ड्रमच्या आत दोन शू असतात, समोरासमोर वाकलेले, कंस केल्यासारखे. त्यांच्या पाठीवर लायनर. आमच्या गाडीत दोन्ही लायनर सारखे नव्हते. एक आखूड, एक लांब. मी डाव्या चाकासमोर जाऊन बसायचो, बघायचो. आखूड कुठं? माझ्या डाव्या हाताला. परत उजव्या चाकाशी यायचो आणि आखूड डाव्या हाताला लावायचो. स्प्रिंग कुठल्या भोकात? पुन्हा जाऊन बघायचो. असा गाडीला वळसे घालत घालत मी ते चाक मूळ बरहुकूम केलं. सिस्टर स्टुलावर बसून मोजत होत्या. आकडा जुळला. ट्रे रिकामा झाला. ड्रम चढला.

"टाके छान घातलेत," सिस्टर म्हणाल्या.

रविवारी वणीला निघालो. दिंडोरीच्या अलीकडं पहिला जोराचा ब्रेक लागला आणि गाडी हलकेच डावीकडं ओढली गेली. सिस्टरांनी स्टिअरिंग सावरलं. "नवे लायनर आहेत. बसतील." पुढं पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी वेगच कमी केला.

वणीत मावशींची चक्कर झाली. उतरताना त्याच म्हणाल्या, "सिस्टरबाई, गाडीला काय झालं वो? लंगडती की."

"म्हातारी झाली, मावशी. तुमच्या-माझ्यासारखी."

"माझं नका सांगू. मी लय बरी हाय."

जेवण झालं. हात धुवायला म्हणून मी ओट्यावरून उतरलो आणि चपलेत पाय घातला, तो भलत्याच. उजवा पाय डाव्या चपलेत. काढला. दोन्ही चपला शेजारी शेजारी ठेवल्या आणि तिथंच उभा राहिलो. जोडी म्हणजे दोन सारख्या वस्तू नव्हेत. एकीचा अंगठा ज्या बाजूला, दुसरीचा त्याच्या उलट बाजूला. डाव्या चाकासमोर बसलं की गाडीचं तोंड माझ्या डाव्या हाताला येत होतं. उजव्या चाकासमोर बसलं की ते उजव्या हाताला. आखूड लायनर तोंडाकडं हवा. मी तो बुडाकडं लावला होता. गाडीला मी दोन्ही पायांत डाव्याच चपला घातल्या होत्या. आकडा जुळला होता, सगळं आत होतं, फक्त उलटं होतं.

आता सांगायचं कसं? सिस्टर आत मावशींशी हसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आरटीओ. गप्प राहिलो असतो तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. लायनर वाईट, गाडी जुनी, सिस्टरांचं वय झालं, कारणं भरपूर होती. माझ्या गप्प बसण्याला आजवर नेहमीच अशी तयार कारणं मिळत आली होती. पण त्या दिवशी मला फोर्सेपची ती पुढं केलेली मागची बाजू दिसत राहिली.

मी आत गेलो आणि उंबऱ्यातच म्हणालो, "सिस्टर, उजवं चाक माझ्याकडून चुकलंय."

दोघींनी वळून बघितलं. मी चपलेचं उदाहरण देऊन समजावलं. हातात चपला घेऊनच समजावलं, हे नंतर मावशी सगळ्या गावाला सांगत होत्या.

सिस्टरांनी डोळे मिटले. बोटं हवेत फिरवून पाहिली, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मग डोळे उघडले.

"दोन्ही चाकं एकदम खोलायचा घोळ मी घातला," त्या म्हणाल्या. "आणि तसंच करा असं म्हणालेही मीच. तुम्ही तसंच केलंत. चला, पुन्हा पोट उघडायचं."

"इथं?"

"मग काय, तसंच घरी न्यायचं?"

हत्यारं डिकीत होतीच. मावशींच्या अंगणात जॅक लावला, पुढच्या चाकांना दगड लावले. मावशींनी धुवट लुगडं आणून अंथरलं. ट्रे नव्हते, तर परात आणली.

"फोर्सेप उकळत ठेवू का?" मावशींनी विचारलं. चेष्टेत विचारलं की खरंच, ते मला आजही माहीत नाही.

मग त्या दोघी जशा बसल्या, ते बघायला हवं होतं. सिस्टर पाटावर, मावशी परात मांडीवर घेऊन. मी स्प्रिंग काढून मागं हात करायचो. हात मागं जाण्याआधीच मावशींचा हात तिथं असायचा. त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कुठली वस्तू आता लागेल ते माझ्या खांद्यावरून ओळखायच्या. सिस्टर मोजायच्या, मावशी त्यांच्यामागून मोजायच्या. मधेच मावशी म्हणाल्या, "सिस्टरबाई, पायाखाली बघा बरं एकदा." सिस्टरांनी खरोखर पाय उचलून बघितलं. दोघी इतक्या हसल्या की मोजणी चुकली आणि सगळी परत करावी लागली.

या वेळी मी डाव्या चाकाकडं एकदाही गेलो नाही. प्रत्येक शू हातात घेऊन आधी गाडीचं तोंड कुठं आहे ते बघितलं. ड्रम चढला, चाक बसलं, जॅक उतरला. सिस्टरांनी मावशींच्या गल्लीतून गाडी पळवली आणि करकचून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, नाकासमोर उभी राहिली. एक कोंबडी मात्र बरीच लांब पळाली.

परतताना सिस्टर खुशीत होत्या. दिंडोरी ओलांडल्यावर म्हणाल्या, "बरं वाटलं ना सांगून? अजून काही असलं पोटात तर आत्ताच काढा."

होतं. मी आधी समोरचा रस्ता मोकळा आहे ना ते बघितलं. मग म्हणालो, "एवढी वर्षं या रस्त्यावर पुष्कळदा समोर मोकळं असायचं. मी तरी 'थांबा' म्हणायचो. मला भीती वाटायची."

सिस्टरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ब्रेकचं ऐकून न चिडलेल्या सिस्टर या वेळी लालबुंद झाल्या.

"म्हणजे एवढी वर्षं मी त्या कांद्याच्या ट्रकांचा धूर खाल्ला तो तुमच्यामुळं?"

"हो."

"नक्कलवाले!" असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर जोराची चापट मारली आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटल्या. तेवढ्यात मागून एक कांद्याचा ट्रक आला आणि आम्हाला ओलांडून पुढं गेला. त्या आणखीनच हसल्या.

सोमवारी भाचा सकाळीच आला. आरटीओच्या मैदानात रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर यांच्या रांगेत आमची हिरवी गाडी उभी राहिली तशी सगळ्यांची कामं थांबली. तपासणीचे साहेब आले. सवयीनं उजवीकडचं दार उघडून बसले आणि समोर स्टिअरिंग नाही म्हणून दचकले.

"आजी, चालवणार कोण?"

"तुमच्या डावीकडं बघा," सिस्टर म्हणाल्या.

मैदानाच्या एका टोकाकडून गाडी निघाली. भाचा आणि मी कुंपणाशी उभे होतो. सिस्टरांनी वेग घेतला तसं भाच्यानं माझं मनगट धरलं. त्याला ते कळलंही नसावं. साहेबांनी हात वर केला, ओरडले, "मारा!" टायर खरखरत घासले. धूळ उडाली. धूळ खाली बसली तेव्हा गाडी सरळ उभी होती आणि तिच्या मागं मातीत दोन सरळ पट्टे उमटले होते, एकसारख्या लांबीचे.

साहेब उतरले. पट्ट्यांजवळ जाऊन एकदा वाकून बघितलं. कागदावर सही केली.

भाच्यानं माझं मनगट सोडलं. म्हणाला, "पुण्याला फोन करून येतो. नको म्हणून सांगतो त्याला." आणि एसटीडी बूथ शोधायला निघाला. जाता जाता मागं वळून आत्याकडं बघून हसला. त्या हसण्यात हरल्याचं काही नव्हतं, सुटल्याचंच जास्त होतं.

साहेबांनी कागद सिस्टरांच्या हातात दिला. "ब्रेक चांगले आहेत हो. कुठल्या गॅरेजमध्ये करता?"

"घरीच," सिस्टर म्हणाल्या. "डावं मी केलं. उजवं यांनी केलं. दोनदा."

"दोनदा का?"

सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. उत्तर त्यांना येत होतं, पण त्यांनी ते दिलं नाही.

"पहिल्यांदा मी उलटं लावलं होतं," मी म्हणालो. रांगेतले रिक्षावाले वळून बघायला लागले, एवढ्या मोठ्यानं म्हणालो.